उचंत खात्यातला झेल

क्रिकेटचा पंच व्हायला पांढरा कोट लागतो, नियमांचं पुस्तक पाठ असावं लागतं आणि नजर घारीची लागते, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आमच्या बोईसरच्या कॉलनीत फक्त दुखरा गुडघा लागतो. दोन वर्षांपूर्वी दुसरी धाव घेताना माझ्या डाव्या गुडघ्यातून असा काही आवाज निघाला, की यष्टिरक्षकानं 'बॅटला लागला!' म्हणून अपील केलं. डॉक्टरांनी मला विश्रांती सांगितली आणि कॉलनीतल्या पोरांनी अंपायरिंग.

"पण मीच का?" मी विचारलं.

"काका, तुम्ही बँकेत आहात ना! दिवसभर लोकांच्या तोंडावर 'नाही' म्हणायची तुम्हाला प्रॅक्टिस आहे."

हे मात्र खरं. वीस-बावीस वर्षं मी काउंटरमागे बसून 'सही जुळत नाही', 'नोट फाटकी आहे', 'सर्व्हर डाउन आहे' आणि 'जेवणाची सुट्टी आहे' ही चार वाक्यं आलटून पालटून म्हणत आलो आहे. त्यामुळे वाइड आणि नोबॉल देणं मला मुळीच जड गेलं नाही. आमच्या टेनिसबॉलच्या सामन्यांत पायचीत नसतो. कॉलनीनं पंचांवर केलेला हा एकमेव उपकार. धावचीत असला तर ज्या बाजूचा आवाज मोठा त्या बाजूनं निकाल द्यावा, हे मी पहिल्याच सामन्यात शिकलो. अडचण एकच. झेल.

तुम्ही म्हणाल, झेलात कसली अडचण? चेंडू हातात आला तर आउट, नाही आला तर नॉटआउट. मीही असंच समजत होतो. पण जबाबदारी अंगावर पडल्यावर मी नियमांचं पुस्तक मिळवून वाचलं. मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या कायद्यात झेलाला ३३वा नियम दिलेला आहे. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या अंगाला प्रथम लागतो तेव्हा झेल सुरू होतो, आणि त्याचा चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आला म्हणजे संपतो. स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा! ही अट काटेकोर लावली तर आमच्या कॉलनीतला चाळिशी उलटलेला एकही गृहस्थ जन्मात झेल घेऊ शकणार नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. मला कुठलीही गोष्ट बँकेच्या भाषेत मांडल्याशिवाय समजत नाही. झेल म्हणजे चेक. तो हातात आला म्हणजे पैसे आले असं नव्हे, वटला पाहिजे. १९९९च्या विश्वचषकात लीड्सला दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जच्या हातात स्टीव्ह वॉचा सोपा झेल आला. गडी आनंदानं चेंडू हवेत उडवायला गेला आणि चेंडू हातातून निसटला. म्हणजे चेक वटायच्या आधी पेढे वाटायला निघाला! वॉ तेव्हा ५६वर होता. तो नाबाद १२० करून सामना खिशात घालून गेला.

आम्ही लहान असताना दोन इमारतींच्या मधल्या बोळात खेळायचो. तिथे कायदा फार शहाणा होता. 'वन टप वन हॅण्ड'. एक टप्पा पडलेला चेंडू एका हातानं धरला तरी आउट. त्यामुळे जमिनीला लागला की नाही ही भानगडच उरत नसे. खिडकीत गेला तर आउट, तळमजल्यावरच्या काकूंच्या वाळवणात पडला तर आउट आणि सामनाही संपला. ज्या इंग्रजांनी तो ३३वा नियम केला त्यांच्यापैकी कुणी पापड वाळत घातलेल्या अंगणात खेळलेला दिसत नाही.

पण पोरं मोठी झाली, मैदान मिळालं, आणि टप्प्याचा प्रश्न आला. पालघरचा शार्दूल ठाकूर आगगाडीतून किटबॅग वाहत वाहत भारताच्या संघात पोचला, तेव्हापासून आमच्याकडे घरटी एक किटबॅग आहे आणि प्रत्येक आईला चर्चगेटच्या गाड्यांचं वेळापत्रक पाठ आहे. अशा मातांच्या देखत त्यांच्या मुलाला संशयित झेलावर बाद देणं म्हणजे काय, हे वानखेडेवरच्या पंचांना कळायचं नाही.

मोठ्या पंचांचं तरी कुठे बरं चाललंय? जानेवारी २००८मध्ये सिडनीला सौरव गांगुलीचा झेल मायकल क्लार्कनं घेतला. तो जमिनीला लागला होता असं आपल्याकडच्या शंभर कोटी पंचांचं एकमत होतं. प्रत्यक्ष पंच मार्क बेन्सन यांनी मात्र कुणाला विचारावं? ऑस्ट्रेलियाच्या कप्तानाला! रिकी पाँटिंगनं स्वतःच बोट वर केलं. क्षेत्ररक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असं आधी ठरलेलं होतं म्हणतात. कर्जदाराला विचारूनच कर्ज मंजूर करण्याची ही पद्धत आमच्या बँकेत यायला हवी, असं मला त्या दिवशी प्रथम वाटलं.

कॅमेरे आले म्हणून वाद मिटले असंही नाही. जून २०२३मध्ये ओव्हलवर कॅमरून ग्रीननं शुभमन गिलचा झेल घेतला. तिसऱ्या पंचांनी तो पुन्हा पुन्हा पाहून बाद दिला. गिलनं त्या झेलाचा फोटो आणि सोबत भिंगाचं चित्र जगाला पाठवून दिलं, तर त्याबद्दल मॅच फीच्या १५ टक्के दंड बसला. भिंग इतकं महाग असतं हे मला ठाऊक नव्हतं. दुरून काढलेलं चित्र चपटं दिसतं, बोटं आणि गवत एकमेकांत मिसळतात, आणि चेंडूखाली बोटं असतील तर झेल ग्राह्य, एवढा साधा नियम असूनही कुणालाच काही दिसत नाही. आणि २९ जून २०२४ला ब्रिजटाउनमध्ये सूर्यकुमार यादवनं सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा जो झेल घेतला, त्या वेळी दोर मूळ जागेवर होता का, असं काही जण विचारत होते. आमच्या कॉलनीत त्या रात्री कुणीही विचारलं नाही. तोच झेल मिलरनं सूर्यकुमारचा घेतला असता तर आम्ही टेप घेऊन बार्बाडोसला निघालो असतो.

तर यंदाच्या २६ जानेवारीची गोष्ट. झेंडावंदन झालं, जिलबी झाली, आणि ए विंग विरुद्ध बी विंग सामना शेवटच्या षटकात आला. बी विंगला दोन चेंडूंत चार धावा हव्या होत्या. फलंदाजानं फटका मारला आणि मिडविकेटला उभ्या असलेल्या आमच्या चिरंजीवांनी सूर मारला. धूळ उडाली. धुळीतून पोरगा उठला तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता.

सगळी ए विंग माझ्या अंगावर धावून आली. मला काहीच दिसलेलं नव्हतं. बॉलरची पाठ मध्ये आली होती. आमच्याकडे तिसरा पंच नाही. तिसऱ्या मजल्यावरून पाहणाऱ्या एक आजी आहेत, पण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. शेवटी मी मार्क बेन्सन झालो. पोराला विचारलं, "घेतलास का रे?"

त्यानं आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कळलं नाही, बाबा."

बँकेत ज्या रकमेचं काय करावं ते कळत नाही ती उचंत खात्यात टाकतात आणि सावकाश हिशेब लावतात. क्रिकेटमध्ये ती सोय नाही. शंका असली तर फलंदाजाला फायदा. मी 'नॉटआउट' म्हणालो. पुढच्या चेंडूवर चौकार बसला आणि ए विंग हरली. चिरंजीवांशी संध्याकाळपर्यंत कुणी बोललं नाही.

"हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?" चहा गाळता गाळता ही म्हणाली. "सगळेच म्हणतात."

यावर बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते खाली ठेवलं की विश्वनाथची गोष्ट येते, हे आमच्या घरात दुधवाल्यालाही माहीत आहे.

फेब्रुवारी १९८०. वानखेडेवर भारत आणि इंग्लंड यांचा कसोटी सामना, क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा. दुसऱ्याच दिवशी, १६ तारखेला, सूर्यग्रहण म्हणून खेळाला सुट्टी होती. ग्रहणात आजीनं माझ्या आईला खिडक्या बंद करून एका खोलीत बसवून ठेवलं होतं, कारण मी पोटात होतो. आणि दुसऱ्या दिवशी रविवार पाहून बाबा बोईसरहून शंभर किलोमीटर प्रवास करून वानखेडेवर हजर! (ही गोष्ट आली की आई अजूनही स्वयंपाकघरात भांडी आपटते.) भारताच्या २४२ धावांसमोर इंग्लंडची ५८ धावांत निम्मी माणसं परतलेली. कपिलदेवचा चेंडू, मागे किरमाणी, अपील झालं, आणि पंच हनुमंत राव यांनी बॉब टेलरला बाद दिलं. टेलर जागचा हलेना. बॅट लागलीच नाही म्हणे. कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभा. त्यानं पंचांशी बोलून टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली. बोथमनं ११४ धावा केल्या, १३ बळी घेतले, आणि आपण दहा गडी राखून हरलो. वर त्याच टेलरनं सामन्यात यष्टीमागे दहा झेल घेतले. तो तेव्हाचा विक्रम.

"त्या दिवशी येताना गाडीत सगळ्यांनी मिळून विश्वनाथला शिव्या घातल्या," बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले. "मी विरारपर्यंत घातल्या. पुढे मात्र जीभ रेटेना." आणि नातवाकडे वळून म्हणाले, "बरोबर केलंस तू."

एवढं बोलून त्यांनी चहात साखर कमी आहे अशी तक्रार केली. हिनं फळीवरचा साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

आता या डब्याविषयी सांगायला हवं. स्टीलचा, पाच किलोचा. त्याच्यावर कोरलं आहे : 'उत्कृष्ट झेल – १९९५'. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. याच मैदानावर, शेवटच्या षटकात, मी सूर मारला होता. धूळ उडाली होती. आणि चेंडू एक टप्पा पडून माझ्या हातात आला होता. बोळात तो आउट होता. मैदानात नव्हता. मला नीट कळलं होतं. माझ्या चिरंजीवांसारखा 'कळलं नाही' म्हणायला मला वावच नव्हता. मी चेंडू उंच धरला आणि ओरडलो. नंतर तीसएक वर्षं आम्ही त्या डब्यातली साखर खातो आहोत. लग्नानंतर हिला दाखवलेली घरातली पहिली वस्तू तीच.

पोरगा खाली गेला. मी डबा हातात धरूनच म्हणालो, "बाबा, त्या वर्षीचा तो झेल. टप्पा पडला होता."

त्या सामन्याला पंच बाबाच होते.

बाबांनी चमच्यानं चहा ढवळला. "मला दिसलंच नव्हतं," ते म्हणाले. "बॉलर मध्ये आला होता. मी तुझ्याकडे बघितलं. तू हात वर केलास, म्हणून मी बोट वर केलं."

पुढे काही तरी बोलतील म्हणून मी थांबलो. त्यांनी चहा संपवला आणि वर्तमानपत्र उचललं.

बँकेत एकानं भरलेल्या व्हाउचरवर दुसऱ्यानं तपासून सही करायची असते. पण माणूस खात्रीचा असला तर दुसरा न बघताच सही करतो. अशी सही घेऊन फसवणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे; त्यासाठी चौकशी बसते. मला त्या रात्री झोप आली नाही. गुडघाही दुखत होता, पण तो नेहमीच दुखतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी स्टेशनजवळच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये शिरलो. १९९५मध्ये मी ज्याला बाद केलं तो आता तिथे गल्ल्यावर बसतो. डोकं चकचकीत झालं आहे, बाकी तसाच. मी गुडघ्याचा बाम मागितला आणि बामच्या आडून सगळं सांगून टाकलं. म्हटलं, डबा तुझा आहे, उद्या आणून देतो.

तो दोन मिनिटं माझ्याकडे पाहत राहिला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "अगं, बाहेर ये! लवकर ये! मी सांगत होतो ना टप्पा पडला होता? तीस वर्षं सांगतोय! ऐक, हा स्वतः सांगतोय!"

आतून त्याची बायको हात पुसत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "कसला टप्पा?"

"परत सांग," तो मला म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. मागे खोकल्याचं औषध घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासाठी आणखी एकदा सांगायला लावलं. डबा नको म्हणाला, मधुमेह आहे. पुढच्या रविवारी मैदानावर येऊन सगळ्यांसमोर एकदा सांगशील का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

बामचे पैसे मात्र त्यानं पूर्ण घेतले.