पेणच्या पोराची स्पेनवारी

पेणच्या माणसाला परगावी कोणी ‘कुठले तुम्ही?’ असे विचारले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘गणपतीवाले की पापडवाले?’ आमचे घर दोन्हींतले होते. वडील, म्हणजे आमचे अप्पा, मूर्ती करीत आणि आई पोह्याचे पापड लाटून विकी. या दोन्ही धंद्यांतल्या शिलकेवर आणि बँकेच्या कर्जावर मी १९९०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आखेन येथे इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी गेलो, आणि तेथून ईस्टरच्या सुटीत आठ दिवस स्पेन पाहून आलो.

स्पेन पाहायला गेलो असे म्हणतो खरा, पण ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे म्हणजे माझ्या टेबलाच्या खणात तीन आठवडे पडून असलेले अप्पांचे पत्र. ‘डोळ्यांपुढे धुरकट येते. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात, पिकू दे म्हणतात. यंदाची आखणी कशीबशी निभावेल. पुढल्या वर्षीचे तुझे काय ते कळव.’

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणे. शाडूची माती साच्यात दाबणे, जोड मिटवणे, अंगाला रंग देणे ही कामे कारखान्यातली कोणीही मंडळी करतात. (पेणला मूर्ती जिथे घडतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती ओसरीएवढी का असेना.) पण आमच्याकडे डोळे आखायचे ते घरच्याच माणसाने. ती रेघ केसभर हलली तरी देव रागावलेला दिसतो, नाही तर झोपेतून उठल्यासारखा. पुसून पुन्हा काढली तरी जाणत्याला ते कळते. माझा हात बाराव्या वर्षी त्या रेघेवर बसला होता. अप्पांनी तोंडाने कधी कौतुक केले नाही. पण चतुर्थीच्या आधीच्या धांदलीत ते मूर्तींची रांगच्या रांग माझ्यापुढे सरकवीत आणि मी आखलेल्या मूर्ती न तपासता पुढे पाठवीत. मला तेवढे पुरे होते. पुढे कॉलेजात मात्र मुंबईच्या मुलांपुढे नखांतली पांढरी माती लपवायची सवय लागली, आणि ती सवय घेऊनच मी विमानात बसलो.

त्यातून रोह्याचे मामा निघताना बजावून गेले होते, ‘आमच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकले, १९१८ साली आयसीएसला पहिले आले, आणि परत आले. काय? परत आले!’ हे ‘परत आले’ त्यांनी दोनदा म्हटले. मामांना शिक्षणाची भीती नव्हती, तिकिटाची होती.

तर खणातल्या पत्राला उत्तर लिहायचे टाळण्यासाठी मी आणि माझा खोलीसोबती, साताऱ्याचा एक गृहस्थ, ब्रुसेल्सहून माद्रिदच्या बसमध्ये बसलो. दिवस आणि रात्र त्या बसमध्ये गेली. आईने पाठवलेले पापड मी कच्चेच बरोबर घेतले होते. ते भाजायचे कुठे हा विचार फ्रान्सची हद्द ओलांडल्यावर सुचला.

माद्रिदबद्दल फारसे सांगण्याजोगे नाही. मोठे शहर म्हणजे मोठे शहर. प्रादो या चित्रसंग्रहालयात मात्र पाय मोडेपर्यंत हिंडलो. व्हेलाझ्केथचे १६५६ सालचे ते प्रसिद्ध राजकन्येचे चित्र पाहिले आणि सातारकरांनी शेरा मारला, ‘पोरगी आपल्याकडंच बघतीय.’ मीही तेच पाहत होतो: डोळे कसे साधले आहेत. सवय जात नाही.

खरी गंमत झाली ती माद्रिदजवळच्या एस्कोरियलला. दुसऱ्या फिलिपने १५६३ ते १५८४ या काळात बांधलेला हा राजवाडा, मठ आणि राजांची दफनभूमी असे सगळे एकाच अवाढव्य वास्तूत आहे. आणि बांधणारा स्वतः राहायचा दोन-तीन साध्या खोल्यांत. पलंगावर पडल्या पडल्या देवळातली वेदी दिसावी अशी खिडकी त्याने ठेवली होती. तिथेच तो १५९८ साली वारला. ती खोली पाहताना एकदम डोक्यात उजेड पडला. १५८० पासून हा माणूस पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे पोर्तुगीजांचे रेवदंडा त्याचेच! १५९४ साली निजामशाहीने कोर्लईच्या टेकडीवर किल्ला उभारला आणि पोर्तुगीजांनी तो त्याच वर्षी जिंकला, तेव्हा त्यांचा राजा हाच. रोह्याच्या पुलाखालून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे हा किल्ला खाडीवर डोळा ठेवून बसला आहे. मामांनी मला लहानपणी एसटीने तिथे नेले होते. खालच्या गावातल्या बायका आपसांत काही वेगळेच बोलत होत्या. ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून तयार झालेली बोली, आणि ती तिथल्या ख्रिस्ती घरांत आजही बोलली जाते. हे सगळे मी सातारकरांना सांगितले. त्यांनी पलंगाकडे पाहून हात जोडले. ‘म्हणजे हे तुझ्या मामांचे सरकार!’

तोलेदोला शहरात शिरायची जुनी वेस आहे, तिचे नाव ‘बिसाग्रा’. स्पॅनिशमध्ये बिसाग्रा म्हणजे बिजागरी. पाव, पगार, घमेले यांच्यासारखीच ही बिजागरी पोर्तुगीजांनी आपल्या दाराला लावून दिली. वेशीचे नाव मुळात अरबी आहे, बिजागरीशी त्याचा संबंध नाही, असे पंडित म्हणतात. म्हणोत. मला तेवढा वेळ सुतारआळीत आल्यासारखे वाटले.

कोर्दोब्याच्या जुन्या मशिदीत साडेआठशेच्या आसपास खांब आहेत आणि त्या खांबांच्या मधोमध सोळाव्या शतकात बांधायला घेतलेले कॅथीड्रल आहे. आत फिरताना माणूस आपोआप हळू बोलू लागतो. ग्रानादा मात्र राहिले. ईस्टरच्या आठवड्यात खोल्यांचे भाव ऐकून आम्ही अल्हांब्राला दुरूनच, म्हणजे नकाशावरच, नमस्कार केला. लोक अजून विचारतात, ‘स्पेनला गेलात आणि अल्हांब्रा नाही?’ नाही.

आणि मग सेव्हिल. रस्त्यांवर नारिंगाची झाडे, त्यांना मोहर आलेला, आणि त्या वासात मेणाचा आणि धूपाचा वास मिसळलेला. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तिथे रोज मिरवणुका निघतात. टोकदार टोप्यांनी चेहरा झाकलेले, हातात मेणबत्त्या घेतलेले शेकडो लोक पुढे आणि मागे प्रचंड मखर, त्यावर येशूची किंवा मेरीची मूर्ती. गुरुवारची रात्र सर्वांत मोठी. रात्र रस्त्यावरच काढायची असल्याने खोलीचा प्रश्न मिटला.

दुपारी नदीपलीकडच्या त्रियाना भागात फिरत होतो. ही पूर्वापार कुंभारांची वस्ती. दुकानांबाहेर रंगीत फरशा आणि मडकी मांडलेली. सेव्हिलच्या रक्षक संतिणी जुस्ता आणि रुफिना यासुद्धा मडकी विकणाऱ्या बहिणी, असे परंपरा सांगते. एका दुकानाच्या पायरीवर एक म्हातारबुवा बसले होते. जर्मनी आणि स्पेन यांच्यात १९६० साली कामगारांचा करार झाला, त्यातून ते गेले होते आणि बरीच वर्षे कोलोनजवळच्या कारखान्यात राबून परतले होते. त्यांचे मोडके जर्मन आणि माझे मोडके जर्मन यांचे छान जमले.

ते तरुणपणी आणि परतल्यावरही मखर वाहणाऱ्यांत असत. हे मखर खांद्यावर नाही, मानेवर वाहतात. तीस-चाळीस माणसे आत शिरतात, चारी बाजूंनी पडदे सोडलेले असतात, आणि डोक्यापासून मानेपर्यंत जाड कापडाची वळकटी बांधलेली असते. त्यांनी ती मला हातवाऱ्यांनी दाखवली. मी म्हटले, ‘ही तर चुंबळ!’ रोह्याच्या बाजारातल्या कोळणी पाटीखाली ठेवतात ती. पुढे चालणारा मुकादम हातोडीचा ठोका देईल तसे उठायचे, बसायचे, वळायचे. आतून रस्ता दिसत नाही. म्हातारबुवा म्हणाले, ‘इतकी वर्षे मी देव वाहिला, पण मिरवणुकीत त्याचे तोंड एकदाही पाहिले नाही.’

मग त्यांनी मूर्तींचे सांगितले. जुन्या काळी तिथे लाकूड कोरणारा वेगळा आणि रंगवणारा वेगळा, असा कारागिरांच्या संघांचा नियम होता. माँतान्येस या थोर शिल्पकाराच्या मूर्तींना रंग देणारा पाचेको हा व्हेलाझ्केथचा गुरू आणि सासरा. म्हणजे प्रादोत आम्ही ज्याच्यापुढे थिजून उभे राहिलो, त्याच्या घरात आखणीचे काम चालत होते! मी तिथल्या तिथे पायरीवर बसलो.

रात्री दोनच्या सुमारास ‘ग्रान पोदेर’ आला. क्रूस घेऊन चालणारा येशू. त्याच्या मिरवणुकीत वाद्य वाजत नाही. हजारो माणसे दाटीने उभी आणि ऐकू येते काय, तर पडद्याआड घासत चालणाऱ्या पावलांचा आवाज. आमच्या रोह्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस तिला मानवंदना देतात, तेव्हा गोंगाट थांबून अशीच एक क्षणभर शांतता होते. इथे ती संपतच नव्हती. मखर माझ्यापासून चार हातांवर थांबले. चेहरा काळवंडलेला, थकलेला. मी डोळ्यांकडे पाहिले आणि माझ्या उजव्या हाताची बोटे आपोआप कुंचला धरल्यासारखी जुळली. हुआन दे मेसाने ही मूर्ती १६२० साली केली. पुढे लोक त्याला विसरले, मूर्ती त्याच्या गुरूची, माँतान्येसची, ठरली. १९३० साली कागद सापडला तेव्हा शिष्याचे नाव पुन्हा वर आले.

उजाडता उजाडता मी फोनचा डबा गाठला. सेव्हिलला सकाळचे सात, पेणला साडेदहा. शेजारच्या वाण्याने अप्पांना हाक मारली. तेवढ्यात निम्मी नाणी संपली.

‘अप्पा, इथला देव लाकडाचा आहे. चारशे वर्षांचा.’

‘विसर्जन कधी?’

‘विसर्जन नाही हो. दर वर्षी तीच मूर्ती.’

तिकडे जरा वेळ खरखर. मग अप्पा म्हणाले, ‘म्हणजे त्यानं एकदा केली आणि झालं? मग पुढल्या वर्षी बिचाऱ्यानं काय करायचं?’

मी हसलो. अप्पा हसले नाहीत. त्यांना खरेच काळजी वाटली होती. मी ‘डोळे कसे आहेत?’ असे विचारले. ते ‘कुणाचे?’ म्हणाले, आणि नाणी संपली.

जे बोलायचे होते ते आखेनला परतून लिहिले. कारखाना घेणार नाही, इथेच काही वर्षे नोकरी करीन, कर्ज फेडीन. चार पानी पत्रात साडेतीन पाने सेव्हिलची होती. ही बातमी शेवटच्या अर्ध्या पानावर, बारीक अक्षरात. सोबत ग्रान पोदेरचे पोस्टकार्ड घातले आणि मागे हुआन दे मेसाची हकिकत लिहिली.

उत्तर महिन्याने आले. अक्षर रेघ सोडून खाली उतरले होते. ‘तुझे कळले. नोकरी कर. हमरापूरचा मुलगा डोळे शिकतो आहे. हात जड आहे, पण रोज येतो. मेसा मेस्त्रींचे नाव सापडले हे बरे झाले. आपल्या मूर्तीवर नाव घालून उपयोग नाही, दीड दिवसात पाण्यात जाते. त्यात सोयही आहे. चुकलेला डोळाही जातो.’

‘पण रोज येतो’ हे तीन शब्द मी किती वेळा वाचले ते सांगत नाही.

पुढे शस्त्रक्रिया झाली आणि जाड भिंगांतून अप्पांनी आणखी काही वर्षे आखणी केली. मी नोकरीची वर्षे संपवून मुंबईला परतलो. मामांनी ‘परत आला, पण पेणला नाही’ असा निकाल दिला. आता अप्पा नाहीत, मामाही नाहीत. कारखाना हमरापूरचा तो मुलगा चालवतो, म्हणजे तोही आता पन्नाशीकडे आला. चतुर्थीच्या आधी चार दिवस रजा काढून मी जातो. चष्मा लावून बसतो. तो पंधरा-वीस मूर्ती माझ्यापुढे सरकवतो आणि मी आखल्यावर एकेक उजेडात धरून तपासतो.

ते पोस्टकार्ड अप्पांनी चौकट करून भिंतीवर लावले होते, ते अजून तिथेच आहे. गणपतीच्या तसबिरीला लावतात तेव्हा त्यालाही कुंकवाचे बोट लागते. काचेवर ते आता चांगले जाड झाले आहे. परवा मुंबईच्या एका गिऱ्हाईकाने विचारले, ‘हे कोण हो?’

तो साच्यातून मान वर न करता म्हणाला, ‘मेसा मेस्त्रींचं काम. अप्पांच्या ओळखीचे होते.’