बैठक रविवारी सकाळी

कर्जतला शास्त्रीय गाणं ठेवायचं म्हटलं की पहिला प्रश्न रागाचा नसतो, लोकलचा असतो. नोकरदार मंडळी मुंबईहून घरी पोचेपर्यंत आठ-साडेआठ. जेवून नऊला बसावं, तर थोड्याच वेळात साथीदारांना परतीची गाडी दिसू लागते. खोपोली-खालापूरकडच्या श्रोत्यांचं तर आणखी अवघड, त्या फाट्यावर गाड्याच मोजक्या. मग बडा ख्याल जरा रंगतोय तोवर भैरवी!

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे बैठक रविवारी सकाळीच हवी. तोडी, देसकार, सारंग... मैफिली संध्याकाळच्या, त्यामुळे हे राग समोर बसून ऐकायला फारसे मिळतच नाहीत. आणि घरातल्या पन्नास माणसांना माईकही लागत नाही.

गाव लहान आहे ही सबब मला पटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला अंतूबुवा जोशींनी १९४० साली संगीत उत्सव सुरू केला. त्यांचे गुरू शिवानंद स्वामी, त्यांच्या स्मरणार्थ. तेव्हा औंध संस्थान होतं खरं. पण १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, उत्सव मात्र राहिला.

राहता राहिला पैसा. 'प्रवेश विनामूल्य' लिहायला छान वाटतं, पण त्यात तबलजीचं पाकीट हलकं होतं. सतरंजीवर बसण्याआधी प्रत्येकाने दोनशे रुपये काढले तर पन्नास जणांचे दहा हजार होतात. हॉटेलात एका जेवणाला आपण याहून जास्त देतोच की.

बघा, पटतंय का.