ओहोटीची वेळ

लहान मुलांना घेऊन एका दिवसासाठी अलिबागला निघालेली मुंबई-पुण्याची कुटुंबं वडखळला रखडतात, अकराच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचतात, मुलांना पाण्यात बुचकळतात, घोडागाडीत बसवतात आणि चार वाजता सामान आवरायला लागतात. या आखणीत जेवणाची, रो-रो बोटीची, सगळ्यांची वेळ विचारली जाते. समुद्राची वेळ विचारतात ती फक्त कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर. माझं म्हणणं असं, की बरोबर चार-पाच वर्षांचं मूल असेल तर किल्ला राहिला तरी चालेल, ओहोटी चुकवू नये. मोठी माणसं समुद्र बघायला जातात. मूल तिथे कामाला लागतं. आणि त्याच्या कामाची जागा म्हणजे पाणी नव्हे, पाणी नुकतंच सोडून गेलेली ओली पुळण.

कोरडी वाळू मुठीतून निसटते, पाण्याखालची वाळू आकार धरत नाही. मधल्या दमट पट्ट्यातच बुरूज उभा राहतो, कारण तिथे कणाकणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं. हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही, दोन बुरूज ढासळले की ते आपणहून जागा बदलतं. याच पट्ट्यावर पाऊल दाबलं की भोवतालची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. खरं तर दाबल्यावर पाणी वर यायला हवं. मग ते गेलं कुठे? ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचा उलगडा केला. घट्ट बसलेले कण दाबाने एकमेकांवर सरकतात, त्यांच्यामधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी त्यांत उतरतं. जवळच बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. नखाएवढा खेकडा ओली वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. बिळाभोवती या गोळ्यांच्या रांगा पसरत जातात आणि पुढच्या भरतीला पुसल्या जातात. ऐन भरतीत जाणाऱ्याला यातलं काहीच भेटत नाही.

सुट्टी रविवारी असते, ती काही तिथी बघून येत नाही, हे कबूल. पण ओहोटी रोज दोनदा येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास अदमासे मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहाची भरती, म्हणजे बाराची ओहोटी. त्या दिवशी ऊन चढायच्या आत किनारा गाठावा. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती दुपारी बाराच्या आसपास. म्हणजे अकराला पोचणाऱ्यांना नेमकं उधाण भेटतं, आणि चारला ते निघतात तेव्हा कुठे पुळण उघडी पडायला लागलेली असते. ओहोटीचं पाणी ओढतं, मुलांना धोका, ही हरकत तर अगदी खरी. म्हणूनच त्यांना त्या वेळी पाण्यात नेऊ नये आणि पाणी उलटताना एका मोठ्या माणसाने नजर ठेवावी. मुलं कंटाळतील, ही भीती मला तितकीशी पटत नाही. तासभर एकच खड्डा खणणारं मूल बघून कंटाळतात मोठी माणसं. तो कंटाळा मुलाच्या नावावर मांडला जातो आणि उंट बोलावला जातो.

राहता राहिला पैशांचा सवाल. एवढा खर्च करून, तासन्‌तास गाडीत बसून वाळूच खेळायची, तर सोसायटीशेजारच्या बांधकामावरची काय वाईट? पण त्या ढिगात खणलं की खाली आणखी वाळूच लागते. ओहोटीच्या पुळणीवर हातभर खणलं की तळाशी पाणी झिरपायला लागतं, आणि मूल ओरडून सांगतं की आपल्याला समुद्र लागला.