बदामाचा बहर आणि अंगणातली भोके

तू बिश्वातच्या आठवड्यात आम्ही दोघे नातवंडांना घेऊन बेत शेमेशच्या बाजूला बदामाचा बहर बघायला गेलो होतो. रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी थंडी चांगलीच. झाडाला पान नाही, नुसती पांढरी-गुलाबी फुले. बांधावर मधपेट्या मांडलेल्या, पण मधमाश्या काही बाहेर येईनात. एक जाडा, केसाळ भुंगा मात्र फुलाफुलांवर फिरत होता. इथे त्याला बंबस म्हणतात. उडण्याचे स्नायू थरथरवून तो आपले अंग तापवतो, म्हणून थंडीतही कामाला लागतो. धाकटी म्हणते, "आजी, त्याने स्वेटर घातलाय!"

बागवाल्याने सांगितले ते मुलांनो, नीट ऐका. बदामाच्या बहुतेक जातींना आपल्याच जातीचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. म्हणून दोन जातींच्या ओळी शेजारी-शेजारी लावतात. पण मधमाशी बहुधा एकच ओळ धरून चालते. आसपास रानमाश्या असल्या की तीही ओळ बदलू लागते आणि फळ जास्त धरते. कॅलिफोर्नियातल्या बदामबागांत हे तपासले गेले व २०१३ साली छापून आले.

मग त्याने झाडाखालची भोके दाखवली. पेन्सिल जाईल एवढी, भोवती मातीची छोटी रास. पुष्कळ रानमाश्या अशा जमिनीत राहतात. पोळे नाही, राणी नाही. प्रत्येक मादी एकटीच खणते, आत पराग साठवते, त्यावर अंडे घालते. उगाच कोणाच्या अंगावर येत नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्या रामल्याच्या अंगणात मागल्या वर्षी अश्शीच भोके झाली होती. हे म्हणाले, मुंग्या असतील. आम्ही माश्या आत शिरताना पाहिल्या होत्या. जन्मभर नर्सची नोकरी केली, माशी चावून श्वास कोंडलेले पेशंट पाहिले, त्यामुळे धसका होताच. किटलीभर उकळते पाणी ओतले. वर बदामाचे झाड उभे!

रेवदंड्याला असताना मोहोरावर माश्या घोंगावत, तर बा आम्हांला त्या हाकलू देत नसत. आंब्याचा पराग बऱ्याच अंशी माश्याच वाहतात, हे आम्हांला या वयात कळले.

अंगणात फरशी घालायचे ठरले होते, मिस्त्रीला आगाऊ पैसेही दिले होते. घरी आल्याबरोबर ह्यांनी फोन केला, झाडाभोवतीची माती तशीच राहू दे. पैसे काही परत मिळाले नाहीत. जाऊ द्या. आता रोज सकाळी चहा घेऊन आम्ही तिथे बसतो. अजून भोक एकही दिसलेले नाही.