एडिसनमधील पंखा आणि वर्ध्याचा रेग्युलेटर

वर्धा जिल्ह्यातून अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या घरात छताचा पंखा हे ओळखीचे वाटणारे, आणि ओळखीचे वाटते म्हणूनच फसवणारे यंत्र ठरते. हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगाव येथे मे महिन्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या काळात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अंगणात घरघरत असला तरी घराची मुख्य भिस्त पंख्यावरच असते, आणि त्या पंख्याची गती दाराजवळच्या बोर्डावरील रेग्युलेटरने ठरते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. न्यू जर्सीतील एडिसन किंवा त्याच्या आसपासच्या गावांतील जुन्या भाड्याच्या घरात मात्र भिंतीवर केवळ एक खटका सापडतो. गती बदलण्याची सोय पंख्याच्या पोटात दडलेली असते आणि तिथून एक बारीक साखळी खाली लोंबत असते. ती साखळी ओढून ओढून तुटली, किंवा आतला खटकाच आधीच्या भाडेकरूने काढून टाकून तारा चिकटपट्टीत गुंडाळून ठेवल्या, तर पंखा बंद पडतो किंवा एकाच गतीवर अडकतो, आणि वर्ध्याच्या अनुभवावर विसंबलेल्या माणसाला दुरुस्तीची सुरुवात कुठून करावी हेच कळेनासे होते.

दोन्ही पंख्यांतील मोटार मूलतः एकाच जातीची आहे. तिला एकफेजी प्रेरण मोटार म्हणतात. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात आणि दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह पहिल्याच्या पुढे काढण्यासाठी एक धारित्र जोडलेले असते, ज्याला वर्ध्याचा वायरमन कंडेन्सर म्हणतो आणि पंखा मंदावला की ज्याच्यावर त्याचा पहिला संशय जातो. फरक पडतो तो गती कमी करण्याच्या जागेत. भारतात हे काम पंख्याबाहेर होते. जुन्या काळचा चौकोनी, जड रेग्युलेटर म्हणजे रोधतारेचे वेटोळे होते. पंखा हळू फिरवला की उरलेल्या विजेचा बराच भाग त्या खोक्यात उष्णता होऊन जाई, त्यामुळे गती जितकी कमी होई तितकी विजेची बचत होत नसे. त्यानंतर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापून टाकणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले, ज्यांच्यामुळे काही पंखे गुणगुणू लागले, आणि मग धारित्रांवर चालणारे, ठरावीक पायऱ्यांचे रेग्युलेटर आले, ज्यांनी ती गुणगुण थांबवली. अमेरिकी साखळीच्या पंख्यात हीच धारित्रे एका काळ्या डबीत घालून पंख्याच्या आत बसवलेली असतात, आणि साखळीचा खटका विजेला कधी थेट, कधी एका धारित्रातून, तर कधी दुसऱ्या धारित्रातून मोटारीकडे पाठवतो. साखळीचा क्रम बहुधा बंद, जलद, मध्यम, मंद असा असतो. मंद वाऱ्यासाठी तीनदा ओढावे लागते, ही गोष्ट उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांना शेवटपर्यंत रुचत नाही.

विजेचा पंखा छताला लावण्याची कल्पना ज्याच्या नावावर जाते तो फिलिप डील हा स्वतः जर्मनीतून आलेला स्थलांतरित होता, आणि एडिसनपासून फार लांब नसलेल्या एलिझाबेथ येथील सिंगर शिवणयंत्रांच्या कारखान्यात काम करताना त्याने १८८० च्या दशकात शिवणयंत्राच्या मोटारीला पाती लावून ती छताला टांगली. पुढे वातानुकूलन यंत्रांनी अमेरिकी घरांतून पंख्याला जवळजवळ हुसकावले आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर विजेची काटकसर करण्याच्या भरात तो परतला. परतला तो मुख्यतः शोभेची वस्तू म्हणून: लाकडी रंगाची पाच रुंद पाती, मध्ये दिव्यांचा गुच्छ, आणि वर्ध्याच्या तीन धातूच्या पात्यांच्या पंख्यापेक्षा बरीच कमी गती. याला वारा म्हणायचे का, हा विदर्भातील पाहुण्याचा प्रश्न अनाठायी नाही.

खटकाच नसलेला पंखा पुन्हा चालू करण्याचे काम तर्काने सुटते. अंदाजाने केल्यास ते बिघडते. मुख्य पेटीतून त्या खोलीची वीज तोडल्यावर आणि टेस्टरने खात्री केल्यावर पंख्याखालची वाटी उघडली की सुट्या टोकांच्या काही तारा दिसतात. त्यांपैकी एक वीज आणणारी असते, आणि मूळ खटक्यावर तिची जागा एल या अक्षराने दाखवलेली असते. उरलेल्या तारा १, २, ३ या खुणांशी जोडलेल्या असतात आणि त्या धारित्रांच्या डबीकडे किंवा थेट मोटारीकडे जातात. खटका हातात असता तर त्याच्यावरील खुणा पाहून नवा आणता आला असता. तो नसताना तारांच्या रंगांवर विसंबता येत नाही, कारण आतील तारांचे रंग प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने ठरवतो. त्यातच मोटारीची दिशा उलटवणाऱ्या छोट्या सरकत्या खटक्याच्या तारा त्याच वाटीत असतात. हा उलटा खटका वर्ध्यात कुणी पाहिलेला नसतो. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात पंखा मंद गतीने उलटा फिरवून छताशी साचलेली उबदार हवा भिंतींवरून खाली आणण्यासाठी तो असतो. म्हणून विश्वासाचा मार्ग एकच: मोटारीच्या वरच्या अंगाला, शिडीवर चढल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी चिकटवलेला मॉडेल क्रमांक वाचावा, त्या पंख्याची जोडणीची आकृती मिळवावी, आणि तितक्याच तारांचा व त्याच क्रमाचा खटका आणावा.

तसा खटका मिळाला नाही, तर वर्ध्याचा वायरमन जे करतो तेच येथेही करता येते. तो पंखा डायरेक्ट करतो, म्हणजे गतीचे नियंत्रण पूर्ण वगळून वीज थेट पूर्ण गतीच्या तारेला देतो. अमेरिकी पंख्यात आकृतीवरून ती तार शोधून वीज आणणाऱ्या तारेशी जोडायची, बाकीची प्रत्येक सुटी तार वेगवेगळ्या टोपणाने बंद करायची, आणि भिंतीवरील साध्या खटक्याच्या जागी पंख्यासाठीच बनवलेले गतिनियंत्रक बसवायचे. अशा रीतीने एडिसनमधील घरात वर्ध्याची जुनी व्यवस्था अवतरते, आणि प्रस्तुत लेखाच्या मते ती साखळीपेक्षा सरस आहे, कारण बिघडणारा भाग हाताच्या उंचीवर येतो. मात्र दिव्याचा उजेड कमी करणारे नियंत्रक तेथे चालत नाही; ते मोटारीसाठी बनलेले नसते आणि तापते. पंख्याला दिवे असतील तर त्यांची तार वेगळी हवी, नाहीतर वाऱ्याबरोबर उजेडही कमीजास्त होईल. घर भाड्याचे असेल तर घरमालकाच्या संमतीशिवाय यातले काहीच करू नये.

खरा धोका मात्र रंगांचा आहे. भारतातील घरगुती वायरिंगच्या रूढ रीतीत लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, म्हणजे झटका देणारी, आणि काळी तार न्यूट्रलची, म्हणजे प्रवाह परत नेणारी असते. अमेरिकेत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची, आणि अर्थिंगची तार हिरवी किंवा उघड्या तांब्याची असते. लहानपणापासून काळ्या तारेला निरुपद्रवी समजत आलेला हात नेमका तिलाच आधी धरतो. तेथील दाब १२० व्होल्ट, म्हणजे भारतातील २३० व्होल्टच्या सुमारे निम्मा, असतो खरा, पण शिडीवर उभ्या माणसाला तेवढा पुरेसा आहे. याच फरकामुळे सामानातून नेलेला भारतीय पंखा तेथे रेंगाळत फिरतो, आणि तिकडून आणलेला पंखा वर्ध्याच्या विजेवर जळू शकतो.

तंत्र इतके सोपे असूनही स्थलांतरिताला ते अवघड का वाटते, याचे उत्तर श्रमांच्या व्यवस्थेत आहे. वर्ध्यात पंखा बिघडला की वायरमन घरी येतो, कंडेन्सर बदलतो, आणि वेटोळे जळाले असेल तर मोटार उतरवून बाजारातील वायंडिंगच्या दुकानात नेतो. पंख्याच्या किमतीच्या मानाने ही मजुरी थोडी असते, म्हणून तोच पंखा वर्षानुवर्षे टिकतो आणि घरमालकाला त्याचे पोट उघडून पाहण्याची वेळ येत नाही. न्यू जर्सीत परवानाधारक इलेक्ट्रिशियनची नुसती भेट साध्या पंख्याच्या किमतीइतकी किंवा अधिक पडू शकते, तेव्हा पंखा फेकणे किंवा स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घेणे एवढेच पर्याय उरतात. अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेलेल्या अनेकांनी तारेचे टोक पहिल्यांदा तिथेच सोलले. स्थानिक कारागिरावरील या विसंबण्याला वर्ध्यात एक जुनी कसोटीही आहे: १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम चालवले. उत्पादनाची साधने स्थानिक कारागिराच्या आवाक्यात राहावीत, हा ग्रामोद्योगाच्या विचाराचा गाभा होता. कुमारप्पांना विजेच्या पंख्याचे कौतुक वाटले असते असे नव्हे. पण मगनवाडीच्या गावात वायंडिंगच्या दुकानाने जे केले ते त्या कसोटीवर एडिसनपेक्षा अधिक उतरते.

ही तुलना वर्ध्याच्या बाजूने फार काळ झुकलेली राहील असे दिसत नाही. भारतात जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाले, आणि तेव्हापासून बीएलडीसी (ब्रशविरहित एकदिश प्रवाहाच्या मोटारीच्या) पंख्यांचा प्रसार वाढला आहे. अशा पंख्यात घरातील उलटसुलट वाहणारा प्रवाह आधी एकाच दिशेचा केला जातो (ज्या एडिसनच्या नावाने ते गाव १९५४ पासून ओळखले जाते, त्याचा आग्रह याच प्रवाहासाठी होता) आणि मग एक इलेक्ट्रॉनिक पट्टी मोटारीच्या वेटोळ्यांना क्रमाने वीज पुरवते. पूर्वी सुमारे ७५ वॅट वीज घेणाऱ्या आकाराचा पंखा यामुळे ३० वॅटच्या आसपास चालतो, ही बचत मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु असा पंखा जुन्या रेग्युलेटरमधून चालवायचा नसतो. तो काढून टाकून वीज थेट द्यायची आणि गती रिमोटने बदलायची. इलेक्ट्रॉनिक पट्टी जळाली तर वायंडिंगच्या दुकानाला तिच्यात करण्यासारखे थोडेच असते. ती कंपनीकडून नवी मागवावी लागते किंवा पंखाच बदलावा लागतो. वर्ध्याच्या घरांतील बोर्डांवर रेग्युलेटरच्या जागी आता कोऱ्या पट्ट्या बसू लागल्या आहेत, आणि नवाच घ्या हा सल्ला तेथील वायरमनच्या तोंडीही येऊ लागला आहे.