कोणता पॅटन?

प्रजासत्ताक दिनाचं मोहल्ल्यातलं भाषण असो की टीव्हीवरच्या चर्चेत एकटा पडलेला एखादा मुस्लिम वक्ता असो, परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांचं नाव येतंच. बहुतेक वेळा ते उत्तर म्हणून येतं. समोरच्याने प्रश्न विचारलेला असतो, किंवा तो विचारणार आहे असं आपणच धरून चाललेलो असतो. नाव घेतलं, टाळ्या पडल्या, की भाषण पुढे सरकतं. या माणसाच्या हातात कोणतं हत्यार होतं, ते चालतं कसं, समोरचा रणगाडा कोणता होता, हे कोणी विचारत नाही. प्रमाणपत्र दाखवायचं असतं, वाचायचं नसतं.

मला ते वाचावं लागलं, कारण मी रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडतो. केळशीसारख्या गावात या छंदाचं कोणाला फारसं कौतुक नाही. सुटे भाग कुरिअरने दापोलीपर्यंत येतात, पावसाळ्यात रंग दोन-दोन दिवस सुकत नाही आणि खाऱ्या हवेने बारीक तारेला गंज धरतो. पण माझ्या भाच्याला नाद लागला आणि त्याने फर्मान काढलं, "मामू, अब्दुल हमीदची जीप करायची. आणि समोर पॅटन."

पॅटन म्हणजे कोणता, इथूनच कामाला सुरुवात होते. अमेरिकन जनरल जॉर्ज पॅटन यांच्या नावाने एकच नव्हे, रणगाड्यांची मालिकाच निघाली. 1965 च्या सप्टेंबरमध्ये खेमकरणच्या आघाडीवर पाकिस्तानी फौजेकडे त्यातले दोन होते, एम 47 आणि एम 48. दोघांची तोफ 90 मिलिमीटरची, दोघांना एका बाजूला सहा-सहा मोठी चाकं. लांबून पाहणाऱ्याला दोघे सख्खे भाऊ वाटतात. फरक ओळखायचा तर तीन जागा बघाव्या.

पहिली जागा म्हणजे पुढचं तोंड. एम 47 चा पुढचा भाग तिरक्या सपाट पत्र्यांचा असतो आणि त्यात उजव्या बाजूला मशीनगनसाठी एक गोल खोबण असते. ती चालवायला वेगळा माणूस, म्हणून आत पाच जण. एम 48 चं तोंड होडीच्या नाळेसारखं गोलाई घेतलेलं. तिथे मशीनगन नाही, चालक मधोमध बसतो आणि आत चौघेच. दुसरी जागा, वरचा फिरता बुरूज, ज्याला सगळे टरेट म्हणतात. एम 47 चा टरेट पुढे निमुळता आणि मागे लांब शेपटासारखा. एम 48 चा पालथ्या वाडग्यासारखा. तिसरी जागा पट्ट्याच्या वरच्या बाजूला. पट्टा परत फिरताना ज्या छोट्या रोलरवरून सरकतो ते मोजायचे. एम 47 ला तीन, सुरुवातीच्या एम 48 ला पाच.

एम 48 चेही पुढे उपप्रकार झाले. टामियाचा 1:35 प्रमाणातला जो पॅटन वर्षानुवर्षं मिळतो तो एम 48 ए 3, व्हिएतनामच्या युद्धातला. त्याला डिझेलचं इंजिन, म्हणून मागच्या भागाची ठेवण निराळी. खेमकरणला आलेले पॅटन पेट्रोलवर चालणारे होते. खोक्यातून काढून जसाच्या तसा जोडला आणि 1965 चा बोर्ड लावला, तर ज्याला कळतं तो मागची बाजू बघून हसेल. आम्ही म्हणून एम 47 घेतला. इटालेरीने तो काढलेला आहे आणि त्यात फार कापाकापी करावी लागत नाही.

जीपचंही तसंच. दुकानात 'जीप' म्हणून मिळते ती बहुधा दुसऱ्या महायुद्धातली विलीज. तिच्या पुढच्या जाळीला नऊ खाचा आणि दिवे जाळीच्या आत दबलेले. युद्धानंतरच्या जीपना सात खाचा आणि दिवे बाहेर आलेले. महिंद्राने बनवलेल्या सीजे 3 बी चं बॉनेट तर चांगलंच उंच, कारण आतलं इंजिन उंच. ज्या जीपचा फोटो समोर ठेवाल, तिच्या खाचा आधी मोजा.

आणि मग ती तोफ, 106 मिलिमीटरची रिकॉइललेस. ती करताना मला अब्दुल हमीद पहिल्यांदा नीट दिसले. साधी तोफ उडाली की मागे हिसका देते, म्हणून तिला जड गाडा लागतो. या तोफेत बारूदाचा बराचसा वायू मागच्या छिद्रांतून बाहेर फेकला जातो, त्यामुळे हिसका उरत नाही आणि ती जीपवर बसू शकते. पण मागे आगीचा आणि धुळीचा असा लोट उठतो की एका गोळ्यात तुमची जागा सगळ्या रानाला कळते. नळीच्या वर एक छोटी रायफल असते. आधी तिची गोळी झाडायची, ती कुठे लागली ते धुरावरून पाहायचं, नेम जुळवायचा आणि मग मोठा गोळा. म्हणजे नेम धरताना थांबावं लागतं आणि गोळा सुटताच पळावं लागतं. आडोसा म्हणजे शेतातलं उभं पीक. जीपला चिलखत नाही, समोर सुमारे 46 टनांचा रणगाडा.

10 सप्टेंबर 1965 ला चीमा गावाजवळ 4 ग्रेनेडियर्सच्या या क्वार्टरमास्टर हवालदाराने तेच केलं. गोळा, जागा बदल, पुन्हा गोळा. शेवटी एका रणगाड्याने त्यांना हेरलं आणि ते तिथेच शहीद झाले. क्वार्टरमास्टरचं काम खरं तर सामानसुमानाचं. पण पलटणीत या तोफेवर त्यांच्याएवढा हात बसलेला माणूस नव्हता, म्हणून त्यांनी ती हाती घेतली. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरच्या एका दर्ज्याचा हा मुलगा, स्वतःही शिवणकाम शिकलेला. भाषणात शौर्य ऐकू येतं. ही कारागिरी ऐकू येत नाही. त्यांनी किती पॅटन फोडले याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. मला आता त्या आकड्यापेक्षा दोन गोळ्यांमधली ती धावपळ मोठी वाटते.

1:35 मध्ये जीपच्या दोन चाकांमधलं अंतर होतं 5.8 सेंटिमीटर, तोफेची लांबी जवळजवळ 10 आणि मध्यम उंचीचा माणूस पाचाच्या आत. तोफ गाडीच्या बाहेर डोकावते, माणूस तिच्यापुढे एवढासा. भाच्याने तो माणूस चिमट्यात धरला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

पॅटन रंगवून कपाटावर ठेवला तेव्हा घरी आलेल्या एका नातेवाइकाने आवाज खाली आणून सांगितलं, "हा पाकिस्तानचा ना? आत ठेव. उगाच कोणी फोटो काढील." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ते काय बघून बोलले ते मलाही ठाऊक आहे. हाच पॅटन दुसऱ्या कोणाच्या दिवाणखान्यात असता तर तो फक्त छंद ठरला असता. लष्कराने पकडलेले पॅटन देशभर गावोगावी चौकांत मांडले, नगरच्या रणगाडा संग्रहालयात ते आजही उभे आहेत, पोरं त्यांच्यासमोर फोटो काढतात. आमच्या कपाटावर मात्र त्याला खुलासा लागतो. मी पॅटन आत ठेवला नाही. खाली चिठ्ठी लावली: एम 47, खेमकरण, सप्टेंबर 1965. समोरचा रणगाडा झाकून ठेवला तर जीपवरचा माणूस कोणाशी लढतोय?

भाच्याच्या यादीत पुढचं नाव आहे 1971 चा टी 55, आणि त्याची गंमत याहून मोठी. भारताकडे रशियन टी 54 आणि टी 55, पाकिस्तानकडे चिनी टाइप 59, जो टी 54 वरूनच बनवलेला. एकाच आजोबांची नातवंडं समोरासमोर. दोघांना पाच-पाच चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये तेच मोठं अंतर, तसाच वाटोळा टरेट, तशीच 100 मिलिमीटरची तोफ. धुळीत आपला कोण आणि त्यांचा कोण, हे कळायचं कसं? म्हणून भारतीय रणगाड्यांच्या नळीवर मधोमध एक खोटा जाड पट्टा बसवला गेला. तो कोणत्याही खोक्यात येत नाही. कागदाची पट्टी गुंडाळून, सरस लावून आपणच करायचा.

त्या पट्ट्याचा मी बराच विचार करतो. आपलाच गोळा आपल्यावर पडू नये, म्हणून सैनिकांनी ओळखीची खूण ठरवली, ती सगळ्यांना सांगितली आणि ती बघितल्याशिवाय चाप ओढायचा नाही एवढी शिस्त अंगी बाणवली. गावात, गाडीत, भाड्याचं घर शोधताना आपल्याला लांबूनच ओळखलं जातं; नावावरून, टोपीवरून, दाढीवरून. जवळ येऊन खाचा मोजायची तसदी फार थोडे घेतात. आणि आपणही अब्दुल हमीद यांचं नाव पट्ट्यासारखं अंगावर बांधून फिरतो, त्यांना न वाचता.

नळीवरचा पट्टा अजून ओला आहे. आभाळ उघडलं तर परवा रंगवू.