एका जाळावरची दोन मडकी

बालमित्रांनो, 'माझा आवडता पदार्थ' हा निबंध तुम्ही कधी ना कधी लिहिलाच असेल. आणि पैजेवर सांगतो, निम्म्यांनी तरी पुरणपोळीवर लिहिला असेल! पुरणपोळी कोणाला नको? पण अख्खा वर्ग दरवर्षी पुरणपोळीच लिहितो, तेव्हा मला जरा शंका येते.

मागच्या जानेवारीत आमच्या तेल्हाऱ्याच्या शाळेत एक मुलगा टेबलाजवळ आला न् हळूच म्हणाला, "सर, कोंबळीवर लिहलं त चालन काय?"

म्हटलं, "लिही की!"

त्यानं लिहिलं ते असं. वडील रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात जातात. सातपुड्याकडून वारा सुटला की आपल्याकडं कधी कधी पारा १० अंशांच्या खाली उतरतो. एका संध्याकाळी हाही सोबत गेला. वडिलांनी बाभळीची लाकडं पेटवली, चांगले निखारे होऊ दिले. चार विटा, विटांवर जाळी, जाळीवर हळद-तिखट-मीठ लावलेली कोंबडी. पण वाऱ्यानं धग वर पोचेचना. मग त्यांनी घमेलं पालथं घातलं आणि घमेल्यावरही थोडे निखारे ठेवले. शेवटचं वाक्य होतं : 'बाबानं मले घमेलं उचलू देल्लं नाही.'

या एका वाक्यावर मी खूश झालो. त्यात सगळं शास्त्र आहे बघा. लोखंड लवकर तापतं, तसंच लवकर निवतंही. म्हणून वर निखारे. आणि थंडीत झाकण उचललं की कोंडलेली ऊब न् धूर क्षणात पसार. भरिताचं वांगं तुराट्यांच्या जाळावर भाजलं तर लागतं तसं गॅसवर का लागत नाही? त्याला धूर मिळत नाही म्हणून!

निबंध वर्गात वाचला, तेव्हा दोघं-तिघं हसले. एक मुलगी म्हणाली, "ई, आमच्या घरी असलं नाही चालत." तो मुलगा काही बोलला नाही. त्यानं वही दप्तरात घातली.

मग मी त्यांना पोपटीची गोष्ट सांगितली. पोपटी म्हणजे पक्षी नव्हे हं! माझा डी.एड.चा मित्र रायगड जिल्ह्यात शिक्षक आहे. तिकडं भात निघालं की त्याच शेतात वाल पेरतात आणि शेंगा भरल्या की थंडीच्या रात्री पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला. तिला उग्रसा वास असतो, पण मडक्यात तोच हवाहवासा होतो. त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही! शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्याची वाफ होते. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्रकन उडालं की झाली पोपटी.

मी गेलो त्या रात्री मडकी दोन होती. एकात कोंबडी, दुसऱ्यात नुसत्या शेंगा न् बटाटे. शेजारच्या आजी माळकरी, त्यांच्यासाठी ते वेगळं. जाळ मात्र एकच, आणि शेकायला सगळे त्याच्याच भोवती. आजींनी कोणाला नावं ठेवली नाहीत, त्यांना कोणी आग्रह केला नाही.

धुराचा उपयोग चवीपुरताच नाही. नागालँडमध्ये चुलीच्या वर मांस टांगून ठेवतात. ते सुकतं, शिवाय धुरातल्या काही द्रव्यांमुळं लवकर नासत नाही. फ्रीज नव्हता तेव्हा थंड देशांत लोक असंच मांस टिकवत.

फेब्रुवारीत आमचं वनभोजन झालं. भरिताची वांगी भाजायची होती, पण वारा ऐकेना. घमेलं कोणी मागितलं असेल? त्याच मुलीनं! ते कधी उचलायचं, हे तिनं दोनदा त्या मुलालाच विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "थांब अजून."

पालकहो, घरी काय शिजतं ते मुलांना मोकळेपणानं लिहू द्या. शिक्षकाला वाचायलाही मजा येते. आणि मुलांनो, असं काही करून पाहायचं तर मोठं माणूस सोबत हवंच. फवारणी झालेल्या पऱ्हाटीच्या जाळावर काही भाजू नका. वाल नसले तर आपल्या ओल्या तुरीच्या शेंगा घ्या, पाल्याऐवजी केळीची पानं. रायगडवाले रागावणार नाहीत!